जॅक मागणारा माणूस

आमच्या यवतमाळात ‘जॅक’ म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांपुढे लोखंडाची वस्तू येत नाही, माणूस येतो. आमदाराचा साडू, जिल्हा परिषदेतले मामा, साहेबांच्या बंगल्यावर ऊठबस असलेला एखादा शेजारी. बदली थांबवायची आहे? जॅक लावा. पोराला कुठे चिकटवायचं आहे? जॅक आहे का कुणी? ज्याचा जॅक मोठा त्याचं काम झालं, आणि बाकीच्यांनी पानठेल्यावर उभं राहून त्याच्या नावानं बोटं मोडायची, हा आमच्या गावाचा आवडता उद्योग. मी ज्या संस्थेत आयुष्यभर कारकुनी केली तिथे स्वतः सासऱ्यांच्या जॅकवरच लागलो होतो. हे आता सांगतो. नोकरीत असताना मी पानठेल्यावर इतरांच्याच जॅकबद्दल बोलायचो.

गफ्फारभाईंना हा शब्द असा वापरलेला चालायचा नाही. ते आमच्या संस्थेचे ड्रायव्हर. मेकॅनिकही तेच, आणि गाडी धुणारेही तेच. कुणी त्यांच्यासमोर ‘अमक्याचा जॅक लागला’ म्हटलं की ते हातातलं काम थांबवायचे.

“जॅक लोखंडाचा असते बाबूजी. मानसाले जॅक नोका म्हनू. जॅक सरकाच्या पहिले आवाज देते. मानूस आवाज बी देत नाही.”

हे ते रागानं म्हणायचे नाहीत. एखाद्यानं स्पेलिंग चुकवलं तर मास्तर दुरुस्त करतात, तसं म्हणायचे. आणि पुन्हा कामाला लागायचे.

शरीरानं ते काटकुळे होते. दाढीला मेंदी, अंगात खाकी शर्ट, वरच्या खिशात कायम एक मळकट फडकं. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिथे सुती दोरा बांधून तो कानामागे अडकवलेला. डोळ्यांचे दवाखाने भरवणाऱ्या संस्थेच्या ड्रायव्हरचा चष्मा दोऱ्यावर लटकतो, यावरून आम्ही ऑफिसातले त्यांना पुष्कळ छळायचो. “दिसते नं पन,” एवढंच त्यांचं उत्तर. उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेले होते. मराठी बोलायचे ती आमच्यापेक्षा अस्सल, पण वाचता येत नव्हती. एसटीच्या पाट्या तेवढ्या अक्षरांच्या आकारावरून ओळखायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मला ती सांगावी लागणार आहे.

संस्थेचं मोठं वैभव म्हणजे ‘डब्बा’. परदेशात राहणाऱ्या कुणा दात्यानं हौसेनं सहलीसाठी घेतलेलं चाकांवरचं घर, कॅरॅव्हॅन म्हणतात तसलं, हौस फिटल्यावर आम्हाला दान केलं होतं. दोन चाकं, पुढे दांडा, तो जीपला जोडायचा आणि ओढत न्यायचं. आतला पलंग काढून तिथे डोळे तपासायची खुर्ची बसवली होती. स्वयंपाकाच्या ओट्यावर औषधाच्या बाटल्या ठेवल्या आणि झाला फिरता दवाखाना. राळेगाव, आर्णी, कळंब, सगळीकडच्या खेड्यांत हा डब्बा गेला की लहान-मोठी सगळी माणसं भोवती जमायची. डॉक्टर असायचे, कुंदा सिस्टर असायच्या आणि बाहेर झाडाखाली टेबल टाकून नावं लिहायला मी.

या डब्ब्याचं चाक बदलणं हे गफ्फारभाईंचं काम पाहण्यासारखं असायचं. आधी जीप डब्ब्याला जोडलेलीच ठेवायची, तिचा हँडब्रेक ओढायचा. मग चांगल्या चाकाच्या पुढे एक दगड, मागे एक दगड. मग पंक्चर चाकाचे नट, चाक जमिनीवर असतानाच, अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. “उचलल्यावर जोर लावला तर डब्बा हालते. हालला का पडला.” मग बाभळीच्या लाकडाचा एक जाड गुटका, ठोकळाच म्हणा, होता त्यांच्याकडे, वीतभर रुंद, तो जॅकखाली. कारण आमच्याकडची काळी माती. वरून टणक दिसते, पण वजन आलं की जॅक पोटात घेते. आणि सगळ्यात शेवटी, जॅकला हात लावण्याआधी, एक शब्द: “उतरा.”

डॉक्टर असो, सिस्टर असो, पेशंट असो. जॅक लावलेल्या गाडीत कुणीही बसायचं नाही. या एका बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

याची झळ एकदा आमच्या अध्यक्षांच्या सौभाग्यवतींना लागली. बाई कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला निघाल्या होत्या. त्यांचा ड्रायव्हर रजेवर, म्हणून गफ्फारभाईंना पाठवलं. वैशाखातली दुपार. अर्ध्या रस्त्यात मागचं चाक बसलं. गफ्फारभाईंनी दगड लावले, नट सैल केले आणि दार उघडून म्हणाले, “बाईसाहेब, उतरा.” बाई म्हणाल्या, ऊन किती आहे, मी बसते, तुम्ही करा तुमचं. गफ्फारभाईंनी दार तसंच उघडं ठेवलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन नट खोलायची टॉमी मांडीवर घेऊन बसले.

“काय झालं?” बाई.

“तुमी उतरल्यावर करतो.”

वीस मिनिटं दोघं असेच बसले. शेवटी बाई उतरल्या, डोक्यावर पदर घेऊन कडुलिंबाच्या तुटपुंज्या सावलीत उभ्या राहिल्या. पाच मिनिटांत चाक बदलून झालं. बाई दर्शन घेऊन परत आल्या ते तोंड फुगवूनच. अध्यक्षांनी गफ्फारभाईंना बोलावून झापलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, “साहेबाच्या घरची हाये म्हनून काय जॅक सरकनार नाही काय?” मी खो-खो हसलो आणि ऑफिसभर ही गोष्ट रंगवून सांगितली. गोष्टी रंगवून सांगण्यात माझा हातखंडा होता. सगळे म्हणायचे, बाबूजी काय सांगतात!

दुसरी त्यांची खोड दगडांची. ट्रकवाले रस्त्यात चाक बदलतात, चाकाला दगड लावतात आणि काम झालं की दगड तिथेच टाकून निघून जातात. मग रात्री एखादा मोटारसायकलवाला त्यावर आदळतो. गफ्फारभाईंना रस्त्यात असा दगड दिसला की जीप थांबलीच. उतरायचे, दगड उचलून कडेच्या नालीत टाकायचे, हात फडक्याला पुसून परत बसायचे. आर्णीच्या एका शिबिराला आम्ही यामुळे चांगले अर्धा तास उशिरा पोचलो. डॉक्टर चिडले. “अहो, रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?”

“दगड तं मीच लावतो नं डॉक्टरसाब. माह्यासारख्यानंच लावला असन कोनं.”

डॉक्टरांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मला मात्र गंमत सुचली. मी गफ्फारभाईंचं नाव ‘गोटाभाई’ ठेवलं आणि ते वर्षभर चाललं.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

डब्ब्याबरोबर जॅक आलाच नव्हता. दात्यानं दिला नसेल किंवा वाटेत कुणी पळवला असेल. जीपचा जॅक डब्ब्याला चालत नसे. तो कात्रीसारखा उघडणारा, हलका. डब्ब्याचं वजन पडलं की त्याचे स्क्रू कुरकुरायचे. ट्रकवाल्याकडून मागून आणावा तर तो बाटलीसारखा उंच. टायर बसल्यावर डब्ब्याचा एक्सल इतका खाली यायचा की तो जॅक खाली शिरायचाच नाही. मग गफ्फारभाई सब्बल घेऊन एक्सलखाली खड्डा खणायचे, खड्ड्यात गुटका, गुटक्यावर जॅक, असं करून काम भागवायचे. दोन वर्षं त्यांनी असंच भागवलं.

डब्ब्याच्या चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय होते. हँडल फिरवलं की ते खाली यायचे. कुणीही पाहिलं तर वाटावं, हेच की जॅक! पण ते उचलायचे पाय नव्हेत. आत माणसं चालली की डब्बा डुलू नये म्हणून टेकवायचे, एवढंच त्यांचं काम. गफ्फारभाई प्रत्येक नव्या माणसाला हे सांगायचे. “हे पाय म्हाताऱ्याची काठी आहे. काठीवर टेकाचं. काठीवर चढाचं नाही.”

एके दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. हातात पऱ्हाटीची काडी. कापूस वेचून झाल्यावर उरते ती वाळकी काडी, वीतभरापेक्षा थोडी लांब. तिच्यावर ब्लेडनं पाडलेल्या दोन खाचा.

“ही खालची खून, टायर बसल्यावर एक्सल जमिनीपासून इतका राह्यते. ही वरची, चाक निघाले इतकं उचला लागते. जो जॅक खालच्या खुनेच्या आत बसन अन् वरच्या खुनेच्या वर जाईन, थोच डब्ब्याचा जॅक. बाकी जॅक फुकटचे.”

ही काडी घेऊन ते मला यवतमाळच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदार एकेक जॅक काढून वजनाच्या गप्पा मारत होता, हा इतका टन, तो तितका टन. गफ्फारभाई प्रत्येकाशेजारी काडी उभी करायचे आणि मान हलवायचे. सहावा की सातवा जॅक, तेलावर चालणारा, बुटका, रुंद बुडाचा. काडी लावली. त्यांचा चेहरा उजळला. चार वेळा दांडा मारून तो वर नेला, दोन्ही हातांनी दाबून पाहिला, मग कान लावून थोडा वेळ बसले. तेल गळत नाही ना, दाब उतरत नाही ना. “हा आहे,” म्हणाले. दुकानदार म्हणाला, संस्थेचं पत्र आणा, घेऊन जा.

पत्रासाठी अर्ज. अर्ज लिहायला मी.

त्याच आठवड्यात अध्यक्षांच्या भाच्याची आमच्याकडे शिबिर-प्रमुख म्हणून नेमणूक झाली होती. वय कोवळं, अनुभव शून्य आणि मामा अध्यक्ष. पानठेल्यावर दुसरा विषय नव्हता. मी पेन उघडून बसलो होतो आणि गफ्फारभाई सांगत होते, “लिहा बाबूजी, डब्ब्याले जॅक नाही. जीपचा चालत नाही. कव्हातरी कोनाचा जीव जाईन. म्हनून जॅक द्या.” साधं, सरळ. मी ते तसं लिहिलं असतं तर आज हे लिहीत बसलो नसतो.

मी लिहिलं ते असं:

“महोदय, मी दोन वर्षांपासून पाहत आहे की, ज्याच्याकडे जॅक नाही त्याची गाडी या संस्थेत जागची हलत नाही. माझ्याकडे कोणताही जॅक नाही. नुकतेच काहींना मोठा जॅक लागलेला दिसतो. तरी मलाही योग्य उंचीचा एक जॅक मिळवून द्यावा, ही विनंती. मोजमापासाठी काडी सोबत जोडली आहे.”

लिहिताना मला हसू आवरत नव्हतं. गफ्फारभाई समोर उभे होते. “झालं काय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “झालं. एकदम जोरदार.” त्यांनी खाली उर्दूत सही केली, सावकाश, जीभ दातांत धरून. काडी मी दोऱ्यानं अर्जाला बांधली. मूळ अर्ज सचिवांकडे गेला. त्याची एक झेरॉक्स मी काढून ठेवली, पुढे कुणाला तरी वाचून दाखवायला मजा येईल म्हणून.

मजा आली. सचिवांच्या खोलीत अर्ज वाचला गेला तेव्हा शेजारच्या टेबलावरचे लोक तोंडाला रुमाल लावून हसले. सचिव हसले नाहीत. अर्ज घेऊन अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांनी बायकोच्या उन्हाची आठवण ठेवलीच होती. “ह्याला जॅक पाहिजे काय?” एवढंच म्हणाले म्हणे. संध्याकाळी सचिवांनी मला बोलावलं. अर्ज फाडून टोपलीत टाकलेला होता, काडी टेबलावर पडली होती. “हा अर्ज आलाच नाही,” ते म्हणाले. “आवक नोंदवहीत चढवू नका. आणि भाषा कुणाची आहे ते मला कळतं. या वेळी सोडतो.”

मी काडी उचलून खिशात घातली आणि बाहेर आलो. त्या वेळीच गफ्फारभाईंना जाऊन सांगायला हवं होतं की अर्ज फाटला, चूक माझी झाली, दुसरा साधा अर्ज लिहू. मी सांगितलं नाही. महिन्यानं त्यांनी विचारलं, “जॅकचं काय झालं?” मी म्हटलं, “वर गेला आहे.” दोन महिन्यांनी विचारलं. तेव्हाही वरच होता. ते बिचारे मान हलवून जायचे. त्यांना काय, कागद वर जातात आणि वेळ लावतात हे ठाऊकच होतं.

राळेगाव तालुक्यातलं ते शिबिर भादव्याच्या अखेरीस झालं. रात्रभर पाऊस पडून गेलेला. गावाबाहेरच्या मैदानात डब्बा लावला आणि तासाभरात डावं चाक बसलं. तपासणी थांबली. दुपारी अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन पुढच्या गावी येणार होते, तिथे डब्ब्यासमोर फोटो व्हायचे होते. भाचे स्वतःच्या गाडीनं, स्वतःच्या ड्रायव्हरला घेऊन आलेले. ते सारखे घड्याळ पाहत होते.

गफ्फारभाईंनी सगळ्यांना उतरवलं. दगड लावले, नट सैल केले आणि म्हणाले, “डांबरी रस्त्यावर ट्रक भेटन. मी जॅक मांगून आनतो. एक तास द्या.”

“एक तास?” भाचे म्हणाले. “हे पाय आहेत ना? फिरवा आणि उचला.”

“थे उचलाचे नाही सर.”

“मग कशाला दिलेत? शोभेला?”

“टेकाले दिले. वजन नाही झेपनार. अन् माती पाहा.”

भाच्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या नावांच्या यादीकडे पाहिलं. मग त्यांनी आपल्या ड्रायव्हरला हँडल दिलं. गफ्फारभाई दहा पावलं मागे सरकून हात बांधून उभे राहिले. “मी नाही करत. लिहून घ्या माह्यं नाव.”

पाय फिरले, डब्बा हळूहळू वर आला. चाक सुटलं. भाच्यांनी गफ्फारभाईंकडे असं काही पाहिलं की मलाही क्षणभर वाटलं, म्हातारा उगाच अडून बसला. तेवढ्यात पलीकडच्या दारानं एक आजीबाई आत चढल्या. तपासणीच्या वेळी काढून ठेवलेली त्यांची काठी आत राहिली होती. त्यांना थांबवायला कुंदा सिस्टर त्यांच्यामागे आत गेल्या.

गफ्फारभाईंनी ते पाहिलं. “उतरा! उतरा मायबाई!” ते ओरडले. आणि लोखंडी पायाचा आवाज आला. बारीक, कटकन.

आम्ही सगळे होतो तिथेच उभे राहिलो. गफ्फारभाई धावले. बाभळीचा गुटका उचलला आणि वाकून एक्सलखाली सारला. डब्बा आला तो त्या गुटक्यावर आला. गुटक्यावर आणि त्यांच्या उजव्या हातावर. आतल्या दोघींना धक्का बसला, बाटल्या फुटल्या, बाकी काही नाही. आजीबाई काठी घेऊन उतरल्या आणि विचारायला लागल्या, काय झालं बाप्पा, काय झालं. हात बाहेर काढायला डब्बा दहा-बारा गावकऱ्यांनी खांद्यांनी उचलला. तीन बोटं गेली.

संस्थेत चौकशी बसली. तीन माणसं, एक टेबल, टेबलावर बिस्किटांची बशी. कुंदा सिस्टर स्पष्ट बोलल्या: तो माणूस नसता तर आम्ही दोघी तिथेच गेलो असतो. त्यांचं म्हणणं ‘विषयाशी संबंधित नाही’ म्हणून बाजूला ठेवलं. विषय होता, जॅक न वापरता वाहन उचललं गेलं याला जबाबदार कोण. भाच्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं की तो तिथे नव्हताच. गफ्फारभाईंनी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. “मी जॅक मांगितलता. अर्ज देला. बाबूजीनं लिहिला. काडी बी लावली. विचारा त्याइले.”

मला विचारलं. सचिव बाजूलाच बसले होते. त्या महिन्यात माझ्या बढतीचा कागद त्यांच्याकडे होता आणि घरी मुलीचं लग्न ठरत होतं, ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. खरं कारण एवढंच होतं की तो अर्ज निघाला तर त्यातली भाषाही निघणार होती.

मी म्हणालो, “आवक नोंदवहीत तशी नोंद नाही.”

वाक्य खरं होतं. अक्षरन् अक्षर खरं. इतकं हरामखोर खरं वाक्य मी दुसरं कधी बोललो नाही.

गफ्फारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. त्यांना वाटलं, मी घाबरून विसरलो. “आठवा नं बाबूजी,” ते हळूच म्हणाले. “पऱ्हाटीची काडी नाही काय?” मी मान खाली घातली. निष्काळजीपणा असा शेरा मारून त्यांना काढून टाकलं. ज्या माणसानं आयुष्यात एकदाही दगड लावल्याशिवाय गाडी उचलली नाही, त्याच्या नावापुढे निष्काळजीपणा! तो शेराही माझ्याच अक्षरात आहे. कारकून मीच होतो.

मला बढती मिळाली. भाचे पुढे सचिव झाले. डब्बा संस्थेच्या आवारात मागच्या भिंतीशी लावला, त्यात बेशरमाची झुडपं शिरली. डब्ब्याला नवा जॅक आला, पण चाक काही पुन्हा फिरलं नाही.

झेरॉक्स आणि काडी मी घरी एका हिरव्या फायलीत ठेवली. का ठेवली ते विचारू नका. फेकवत नव्हती. दर दिवाळीच्या साफसफाईत बायको ती फाईल काढायची, दोऱ्यानं बांधलेली काडी पाहून म्हणायची, हा काडी-कचरा काहून जपून ठेवला, आणि मी दर वर्षी तिच्यावर खेकसायचो, राहू दे म्हणून.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं कळंबला निघालो होतो. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, अध्यक्षही वारलेले. कळंबच्या अलीकडे गाडीचं मागचं चाक बसलं. समोरच कडुलिंबाखाली टिनाचा एक ठेला होता, टायर टांगलेले. त्यातून एक म्हातारा बाहेर आला. दाढी आता पांढरी, मेंदी नाही. चष्मा मात्र धड होता, दोऱ्याशिवाय. मी त्यांना ओळखलं त्याच्या आधी त्यांनी मला ओळखलं.

“बाबूजी! सलाम. बरं हाये नं?”

मी चाकाकडे बोट दाखवलं. ते गाडीच्या मागे गेले, डाव्या हातानं दोन दगड लोटत आणले, एक पुढे, एक मागे. टॉमी डाव्या हातात, उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि उरलेल्या एका बोटानं फक्त आधार. नट सैल केले. मग बायकोच्या बाजूचं दार उघडून म्हणाले, “बाईसाहेब, उतरा.”

बायको उतरली आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. गफ्फारभाईंनी जॅक लावला. बुटका, रुंद बुडाचा, तेलावरचा. दांडा मारता मारता, जणू कालची गोष्ट असावी तसं, त्यांनी विचारलं:

“बाबूजी, थो अर्ज आहे काय तुमच्याजवळ? झेरॉक्स काढून राह्यलते तुमी. मी पाह्यलं होतं, मागून आठवलं.”

मी जॅककडे पाहत राहिलो.

“नातीन आहे माही. सातवीत. इथल्या पोट्ट्याइनं तिले सांगतलं, तुह्या बुढ्याच्या चुकीनं झालं म्हने. ती मले विचारते. मी म्हनतो, मी जॅक मांगितलता बेटा, लिहून देलता. ती म्हनते, दाखवा. मराठी मस्त वाचते थे. एकडाव तिनं वाचला असता न तं झालं असतं. नोकरीगिकरी नाही पाह्यजे आता. तिले वाचाले पाह्यजे फक्त.”

माझं आता कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. बढती, सचिव, अध्यक्ष, सगळं संपलेलं. घरी फाईल होती, अर्ध्या तासाच्या रस्त्यावर. मला दिसत होती ती फक्त सातवीतली मुलगी, मोठ्यानं वाचणारी: नुकतेच काहींना मोठा जॅक लागलेला दिसतो. आणि शेजारी बसून ऐकणारे गफ्फारभाई.

“नाही हो,” मी म्हणालो. “ते सगळे कागद गेले.”

“अन् काडी?”

“तीही नाही.”

बायको माझ्याशेजारी उभी होती. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

“बरं,” गफ्फारभाई म्हणाले. “इतके वर्स कोन ठेवते.” त्यांनी चाक चढवलं, नट समोरासमोरचे आवळले, जॅक उतरवला, पुन्हा एकदा आवळले. हात फडक्याला पुसले. “जा आता. बेफिकीर जा.”

आम्ही बसलो. मी गाडी काढली. थोडं पुढे गेल्यावर आरशात पाहिलं. ते रस्त्यावर वाकलेले होते. मागचा दगड एका हातानं उचलवत नव्हता, म्हणून पायानं ढकलत ढकलत कडेला नेत होते.

बायकोही काचेतून मागे पाहत होती. मग म्हणाली, “गाडी वळवा.”

मी वळवली नाही.